रकाना नाही

हल्ली मी कुपवाडहून घरी माधवनगरवरून येतो.
चार किलोमीटर लांब पडतं.
घरी सांगितलंय, तिकडं गर्दी कमी असते.
जुन्या रस्त्याला चहाची टपरी आहे,
टपरीवर माझी माणसं असतात.
माझी म्हणजे, होती.

यादी मीच केली.
हजेरी क्रमांकाप्रमाणे,
कारण नावांप्रमाणे लावायला घेतली
तर पहिलीच आली ऐवळे इंदुमती
आणि मी उठून पाणी प्यायला गेलो.
एकोणीस ओळी.
वीस होत्या. एक मी वाचवली,
हे कुणालाच ठाऊक नाही, ज्याला वाचवलं त्यालाही.
तो समोरून आला की मी मोबाईल काढतो.

पत्रातलं मराठीही माझंच.
'नाइलाजास्तव' दोनदा पडला होता,
एक खोडला.

मगदूम जिनगोंडा. भट्टी विभाग. सव्वीस वर्षं.
मी नवा इंजिनियर असताना
रस कधी ओतायचा ते त्यानं रंगावरून शिकवलं,
"साहेब, मीटर मागनं बघा. आधी डोळ्यानं बघायचं."
पत्र त्यानं हात लांब करून वाचलं,
चष्मा लॉकरात होता.
मग विचारलं, "आजची पाळी पुरी करू न्हवं?"
मी हो म्हणालो.

रात्री तीनला जाग येते ती या 'हो'ला.

तिसऱ्या दिवशी गेटवर येऊन
त्यानं चामड्याचा एप्रन परत केला,
तेल चोळून, घडी घालून.
स्टोअरवाला म्हणाला, वापरलेल्या मालाला
रजिस्टरात रकाना नाही.
तेव्हापासून तो माझ्या डिकीत आहे.
गाडी उन्हात तापली की भट्टीचा वास सुटतो.
लेक नाक मुरडते, काच खाली करते.

डॉक्टर म्हणाले, रोज चालत जा.
मेहुणा म्हणाला, तू नसतं केलंस
तर दुसऱ्यानं केलं असतं.
खरंय.
खरं असून घशाखाली उतरत नाही.

परवा विश्रामबागच्या बाजारात दिलावर मुजावर.
पोत्यावर वांगी, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या.
मी वळणार तोच हाक आली.
वांगी तोलली, पारडं झुकतं ठेवलं,
वर मूठभर कोथिंबीर टाकली, न मागता.
वांग्यांचे पैसे मात्र चोख घेतले,
रुपया सोडला नाही.
त्या रुपयानं मला जरा बरं वाटलं.

घरी येऊन ती कोथिंबीर निवडत बसलो,
एकेक काडी.
बायको म्हणाली, अरे, भाजीतच जायचीय,
किती वेळ लावशील?

माती आहे, म्हटलं.