दोन बोल्ट

बटण दाबलं की नुसतं टिक.
पुन्हा टिक.
जिभेवर आलेलं नाव दातांशी अडावं, तसं.

बॅटरी परवाच बदललेली, हॉर्न ठणठणीत.
मल्हारगंजात भर चौकात किक मारून मारून
पोटरीत गोळा आला.

मुजीबने पेचकस आडवा धरून रिलेची टोकं जोडली.
ठिणगी उडाली, मोटर गप्प.
मग स्टार्टरच उतरवला.
दोन बोल्ट, दहा नंबरचे.

हे दोन मी ओळखतो.
पिथमपूरला लाइनवर अकरा वर्षं
हेच आवळले, दिवसाला तीनशे गाड्या.
झोपेतही मनगट वळायचं,
सुलभा हात धरून ठेवायची.
पण त्यांच्या पलीकडे काय असतं
ते कधी पाहिलंच नव्हतं.

पलीकडे काळी भुकटी
आणि कार्बनचे दोन तुकडे, झिजून
तुरीच्या डाळीएवढे.
‘भिया, इसका माल अब सियागंज में भी नहीं मिलता,’
मुजीब म्हणाला, आणि पाहिलं असं
की कारखाना जणू मीच बंद केला.

घरी माळ्यावर जुना मिक्सर होता.
सुलभाने विचारलं, भांडं तरी परत येईल ना?
त्याचे कार्बन मुजीबने कानशीने घासले,
फुंकले, बसवले, काढले, परत घासले.
दोन कट चहा झाले.

बोल्ट मात्र मी आवळले.
त्याने पाना पुढे केला, बोलला काही नाही.

आता बटण दाबलं की
आधी घरघर, चटणी वाटल्यासारखी,
मग इंजिन.
सुलभा मागे बसते, पदर खोचते, म्हणते,
खोबरं जरा जास्त झालंय.