डेल कुठे हसला

मिरजेत, सतारमेकर गल्लीत,
दस्तगीरचाचांच्या दुकानामागं
भोपळ्यांच्या उतरंडीवर चादर ताणून
आम्ही डेलला आमचा पिक्चर दाखवला.
तोच, घरमालकापासून रेडकू लपवणाऱ्या भाडेकरूचा,
चाचांना तारांच्या नंबरांसारखा पाठ.

डेल ओहायोचा. तंबोऱ्याची जवारी काढायला शिकतोय.
मराठी येतं ते एवढंच: "हळू", "अजून घास", "चहा नको".

दुभाष्या मी.
पहिल्याच कोटीला गल्ली फुटली,
मी ती सोलून त्याच्या हातात देईपर्यंत
रेडकू माडीवर पोचलेलं.
डेल आमच्या तोंडांकडे बघत बसला,
चुकून दुसऱ्याच लग्नात जेवायला बसल्यासारखा.

मग ती जागा आली, जिथं कुणी बोलतच नाही.
घरमालक जिन्याखाली. वर खुरांची टपटप.
आणि भाडेकरूची बायको, चेहऱ्यावरची रेषही न हलवता,
पोळपाटावर लाटणं आपटत तोच ठेका धरते.

डेल कोसळला.
मांडीवरच्या भोपळ्यासकट कोसळला.
आम्ही दर वेळी तिथं
शेंगा सोलायचो, पुढच्या डायलॉगची वाट बघत.

"आमच्या भाड्याच्या घरात कुत्रा होता,"
तो डोळे पुसत म्हणाला, मी सांगितलं,
"मालक दारात आला की
आई व्हॅक्यूम क्लीनर लावायची."

चाचांनी पिक्चर मागं घेतला.
बाईच्या मनगटाकडे बघितलं.
परत मागं घेतला.

"बाई लयीत हाय रे," म्हणाले,
"आणि आपण वीस वर्षं शेंगा खातोय."