मुद्दल

ग्यु-सिक, तुला वाटत असेल
ताई अजून शाळेच्या स्वयंपाकघरात मुळे चिरते
आणि संध्याकाळी पाय वर करून मालिका बघते.
मुळे चिरतेच. साडेसहाशे पोरांचे.
पण रात्री नऊनंतर मी गाड्या चालवते,
दुसऱ्यांच्या.

उल्सानमध्ये प्यायलेला माणूस चाक हातात धरत नाही.
फोनवर बोट टेकवतो आणि मी येते,
चालत, कधी धावत,
कारण उशीर झाला की
ते भाडं दुसऱ्याचं.

पहिलं काम सीट पुढे ओढणं.
पुरुषांचे पाय लांब. माझे तुला ठाऊकच आहेत,
लहानपणी तूच त्यांना मुळे म्हणायचास.
मग आरसा.
वास आला तरी नाकाला रुमाल लावायचा नाही,
माणसाला लागतं ते.
मागे कोणी घोरतं, कोणी साहेबाचा उद्धार करतं.
एक जण थेह्वा नदीच्या पुलापासून घरापर्यंत रडला
आणि उतरताना म्हणाला, माफ करा, धूळ गेली डोळ्यांत.
थंडी होती. काचा बंद होत्या.

तळघरात गाडी लावते, दोन रेघांच्या बरोबर मध्ये.
किल्ली देते.
सीट मागे ढकलते, होती तिथे,
जणू मी बसलेच नव्हते.

सतरा हजार वॉन.
कंपनीचे कापून तेरा हजार सहाशे.
आणि मी शहराच्या दुसऱ्या टोकाला उभी,
शेवटची बस गेलेली.

तू म्हणाला होतास, फक्त सही कर, ताई, नावापुरती.
नाव केवढं असतं ते मला बँकेत कळलं,
तीन कोटी ऐंशी लाखांचं.
तुझं कोंबडीचं दुकान चौदा महिने चाललं.
तळणीच्या तेलाचे दोन डबे अजून माझ्या बाल्कनीत आहेत.
टाकवत नाहीत.
वापरवतही नाहीत.

हिशेब असा आहे, ऐक.
दिवसाचा पगार व्याज खातं,
खाऊन ढेकरही देत नाही.
रात्रीचं मात्र मुद्दलाला लागतं, थेट.
पहिल्यांदा आकडा हलला तेव्हा
मी पासबुक उजेडाकडे धरून पाहिलं,
नोट खरी की खोटी बघतात तसं.

गेल्या मंगळवारी वीस लाख घेऊन गेले, एकरकमी.
खिडकीतला पोरगा, अजून मिसरूड न फुटलेला,
म्हणाला, मावशी, मुदतीआधी भरताय,
त्याचं शुल्क पडेल.
म्हणजे लवकर फेडल्याचा दंड?
तो खाली बघत म्हणाला, तसं नाही म्हणत आम्ही.
मी हसले,
एवढ्या मोठ्यानं की पहारेकरी दोन पावलं जवळ आला.
चोवीस हजार.
म्हणजे पावणेदोन भाडी.
म्हणजे एक रडणारा आणि पाऊण घोरणारा.
भरले.

काल रात्री एक बाई होती, माझ्याच वयाची.
छोटी पांढरी गाडी,
मागच्या काचेवर नवशिक्या चालकाची पाटी.
मी बसले, आणि हात सवयीनं सीटखाली गेला.
ओढायची गरजच नव्हती.
आरसासुद्धा माझ्या डोळ्यांसमोर.
बाई मागे झोपलेली, बूट हातात.
लाल दिव्यापाशी मी जरा रेलून बसले,
कुठून तरी स्वतःच्या घरी निघाल्यासारखी.
हे तुला का सांगतेय, कुणास ठाऊक.
मागच्यानं भोंगा वाजवला.

अजून दोन कोटी सदतीस लाख.
सकाळी सहाला मुळे येतात, मातीसकट.

फोन चालू केलास कधी तर उचल.
पैशाचं बोलणार नाही मी.
एवढंच विचारायचंय,
त्या तेलाच्या डब्यांचं काय करू.