ठवकर सर बोलतात

गंगाबाई घाटावर माह्या धंदा एवढाच :
बॅटरीवरचा भोंगा, एक माईक, सेल जास्तीचे.
लाकडं रचेपर्यंत लोकं मोबाइलात,
मंग कोणीतरी म्हणते, शोकसभा उरकून घ्या ना बे,
अन् गर्दीतून ठवकर सर निघतात
पांढऱ्या बुशकोटात, खिशाला पेन.

काय बोलतात!
एक शब्द अडखळत नाही.
"दिव्यासारखा जळला,
पण वातीची तक्रार कधी केली नाही."
अकरा वर्षांपासून ऐकून राहिलो.
इतवारीतल्या किराणावाल्याला हे लागू पडलं,
रॉकेल ब्लॅकनं विकणाऱ्यालाही,
बायकोला मारणाऱ्यालाही.
"आणि आज..."
इथं आवाज दाटतो.
मी आधीच बटण थोडं खाली घेतो,
नाहीतर भोंगा शिट्टी मारते.
एक, दोन, तीन.
मंग दोन मिनिटं स्तब्धता,
जी चाळीस सेकंदात संपते.

माह्या बाप गेला तेव्हाही तेच बोलले.
बापाला कधी भेटले नव्हते.
तरी म्हणाले, त्याचं हसणं मी विसरणार नाही.
बाप हसत नव्हता.
पण मायनं ते ऐकलं,
अन् तेव्हापासून पाहुण्यांना सांगते,
लय हसरा होता माणूस.
मी काही बोलत नाही.

परवा वच्छलाबाई ठवकर.
सर चितेपाशी, बुशकोटाची एक गुंडी उघडी.
बोलायला कोण?
सगळे त्यांच्याकडेच पाहून राहिले.
सरांनी माईक घेतला, टकटक केलं, फुंकर मारली.

"दिव्यासारखी जळली..."
तेच. काना-मात्रेचा फरक नाही.
मागं एकानं रुमालाआड तोंड दाबलं,
दुसऱ्यानं त्याला कोपर मारलं.
"आणि आज..."
माह्या हात सवयीनं बटणावर.
आवाज दाटला. तिथंच. तेवढाच.
एक, दोन, तीन.

माईक परत देताना हळूच विचारलं,
"बरोबर आलं का रे?"
हाव म्हटलं सर.
भाडं मोजून दिलं, वर चहाचे वीस.

जाळी ओली होती माईकची.
तशी ती रोजच असते,
इतकं बोलल्यावर थुंकी उडणारच.
रोज मी गमछ्यानं पुसतो.
त्या दिवशी राहू दिली,
पुढची मयत येईपर्यंत.