अकरा अक्षरं

आधी आतल्या बाजूला, शिवणीपाशी, थेंबभर लावून बघायचं.
रंग सुटला तर तिथेच थांबायचं
आणि गिऱ्हाइकाला फोन करायचा.

थंडर बेमध्ये नोव्हेंबर लागला की माझ्याकडे दोनच कामं:
स्केट्सना धार लावणं
आणि जर्सीवरची नावं काढणं.
नावं लावून घ्यायला लोक मॉलमध्ये जातात.
काढायला इथे येतात, मागच्या दाराने,
पिशवीत गुंडाळून.

काढायचे मार्ग दोन.
ऊब दिली की गोंद सैल पडतो;
चिमट्यात अक्षराचं टोक धरायचं आणि सावकाश ओढायचं,
मागून एकतारी पाकासारखी तार लांबत येते
आणि तुटता तुटत नाही.
इस्त्री जरा जास्त झाली तर कापडच वितळतं,
मग ना नाव ना जर्सी,
नुसता चकचकीत डाग.

दुसरा मार्ग थंडीचा.
उणे अठ्ठावीसला जर्सी रात्रभर मागच्या दोरीवर टांगायची.
सकाळी ती पाटीसारखी ताठ,
बाह्या पसरून उभी, आत कुणी असल्यासारखी.
गोंद ठिसूळ झालेला. नखाने टिचकी मारली
की बर्फावर पडतो, पिवळट, कोंड्यासारखा.
माझ्या स्वतःच्या लग्नात मी हा मार्ग घेतला.
तो विषय वेगळा.

हेल्वी होल्म आली ती शनिवारी, मुलाला घेऊन.
कॅलम. वय तेरा. नजर धारेच्या यंत्रावर.
जर्सी गडद लाल, पेपर मिलच्या संघाची;
मिल बंद पडली, जर्सी छापणारंही कुणी उरलं नाही.
पाठीवर पांढरं: मॅकअ‍ॅलिस्टर.
इंग्रजी अकरा अक्षरं, खांद्यापासून खांद्यापर्यंत.
"हे काढून होल्म लावायचंय," ती म्हणाली.
"कागदोपत्री झालंय सगळं."
मी कागद मागितले नव्हते.

टाके उसवले. ऊब दिली, मग थंडी, मग पुन्हा ऊब.
उरलेल्या गोंदावर संत्र्याचं तेल,
जुना टूथब्रश, गोल गोल, न घासता.
दुकानभर सोललेल्या संत्र्याचा वास
आणि त्याखाली पोराच्या घामाचा,
तो कुठल्याच तेलाने जात नाही.
शेवटचा चिकटा निघाला तेव्हा बोट फिरवून पाहिलं:
गुळगुळीत. माझं काम चोख.

मग दिव्याखाली धरली.

दोन उन्हाळे ही जर्सी बापाच्या पिकअपमध्ये
मागच्या काचेला टांगलेली होती, हे मला नंतर कळलं.
उन्हाने सगळी पाठ विटली,
अक्षरांखालचं कापड तेवढं पहिल्या दिवसाइतकं लाल राहिलं.
नाव काढल्यावर ते जास्तच नीट वाचता येत होतं.

होल्मची अक्षरं चार.
मधोमध बसवली तर दोन्हीकडे
साडेतीन-साडेतीन उघडी पडतात.
मी टाचण्या लावून बघितलं.
उजवीकडे अर्धा एस, मग टी, ई, आर. त्यांना अर्थ नाही.
डावीकडे मॅक, आणि ए-चा एक तिरका पाय.

मॅक म्हणजे अमक्याचा मुलगा.
डोंगराळ स्कॉटलंडातली जुनी बोली;
शाळेत मॅकवाल्यांनीच सांगितलं होतं आम्हा फिनलंडवाल्यांना, ऐटीत.

हेल्वी म्हणाली, "मागे एक पट्टी लावा लाल, झाकून टाका."
पट्टी होती माझ्याकडे, सहा डॉलरची.
लाल मात्र दुसऱ्या जातीचं, लांबूनही ठिगळ दिसलं असतं.
मी कॅलमला विचारलं.
त्याने पहिल्यांदा यंत्रावरून नजर काढली,
जर्सी उलटी करून आतून पाहिली,
आतून फक्त टाक्यांची भोकं.

"बर्फावर इतक्या जवळून कोण बघतं," तो म्हणाला.
जरा थांबून: "गोलकीपर सोडून."
"तू कोण?"
"गोलकीपर."

पट्टी मी परत खणात ठेवली.
होल्म शिवलं, पांढरं, दुहेरी टाक्याने.
अठरा डॉलर घेतले; स्केट्सची धार त्यातच.
बाहेर पडताना त्याने ती तशीच कोटावरून चढवली.
रस्त्यावर सूर्य खाली आलेला, आडवा,
त्या उन्हात सगळंच वाचता येतं.