सेल्फ फिरतो, पण

सेल्फ फिरतो. गाडी घेत नाही.
तीन दिवस हेच.
किल्ली पिरगाळली की बॉनेटखाली कुणीतरी
घसा खाकरतं, खाकरतं,
आणि बोलायचं ते गिळून टाकतं.

धरणगाव. मे महिना. सकाळचे साडेआठ
आणि पत्र्याला हात लावायची सोय नाही.
एरंडोल रस्त्यावरून लुकमान पिंजारी आला
लूनावर, कॅरेजला पान्यांची पिशवी बांधून.
आधी तांब्याभर पाणी प्यायला. मग,
"कोनी हात लावेल नई ना?"
मी नाही म्हटलं.
भागवतने काल मोबाइलमध्ये बघून
दोन वायरी उपटल्या होत्या, परत खोचल्या होत्या.

दिवे लावले: लख्ख. हॉर्न दिला: शेजारचं कुत्रं उठलं.
"बॅटरी चांगली शे."
नळी काढून बाटलीत धरली, पेट्रोलची पिचकारी आली.
प्लग खोलला, फडक्यात धरून इंजिनाला टेकवला.
"मार सेल्फ, बहीन."
मी मारला.
तळहाताची सावली करून तो
केसाएवढ्या फटीत बघत राहिला
खूप वेळ.
"हवा शे. पेट्रोल शे. आग नई."

ओट्यावर खाटेवर नाना, आमच्याकडे पाठ करून.
जिनिंगमध्ये एकतीस वर्षं फिटर.
फाल्गुनात त्यांनी ही मारुती
मारुतीच्याच पारावर नेऊन घातली.
पाराला काही झालं नाही.
आम्ही किल्ली काढून घेतली,
समोर बसून, बोलून नाही;
ते अंघोळीला गेले तेव्हा, बंडीच्या खिशातून.
त्यांनी विचारलं नाही. आम्ही सांगितलं नाही.
चहात साखर कमी आहे हे म्हणणंही
तेव्हापासून बंद.
आणि आज अकरा वाजता
पारोळ्याहून गिऱ्हाईक यायचं आहे.

लुकमानकडे दोन वायरींचा एक बल्ब.
किल्लीपाशी टेकवला, पेटला.
कॉइलपाशी टेकवला, मेलेला.
"आठे येस. तठे जात नई."
मग सीटखाली पाठ टेकून तो आडवा झाला,
पाय बाहेर, टाचांना भेगा,
डोळे मिटलेले,
आणि बोटांनीच वायरवरून चालत गेला.
मध्येच थांबला.
"ही कंपनीनी नई."

लाल वायर. टेप सोलली तर सांधा
कथिलाने भरलेला, त्यावर मेणाचा दोरा
वेढ्याला वेढा लावून, एकही वेढा दुसऱ्यावर चढलेला नाही.
गॅरेजवाला पीळ मारतो आणि चिकटपट्टी फिरवतो.
इतका वेळ गॅरेजवाल्याकडे नसतो.
वायरीच्या दुसऱ्या टोकाला,
राखेच्या डबीमागे (नानांनी जन्मात विडी ओढली नाही)
घरातल्या दिव्याचं असतं तसलं
पांढरं बटण.
बंद.

लुकमानने ओट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
बटण दाबलं नाही.
हात पुसत बाजूला उभा राहिला,
दुसऱ्याच्या घरात कुणी कपाट उघडलं की
राहावं तसा.

मी दाबलं. अर्ध्या सेल्फला घेतली.
अंगणभर धूर, तुळशीपर्यंत.
नाना वळले नाहीत.
"सापडनं का?"
अडीच महिन्यांत माझ्याशी पहिलं वाक्य.

लुकमानने पन्नास घेतले, शंभर परत केले.
"मी काय करं?"
जाण्याआधी मात्र पुन्हा आत शिरला
आणि तो सांधा नव्या टेपने झाकला,
दोरा न कापता.

नंतर मी बराच वेळ आत बसून होते. इंजिन चालू.
काटा थरथरत होता. घाम मानेवरून खाली.
आरशात खाट, खाटेवर पाठ,
पाठीवर बंडीला पडलेलं भोक,
जे मला आईच्या नंतर कुणी शिवलंय का
विचारायचं सुचलं नव्हतं.

अकराला गिऱ्हाईक आलं.
टायर लाथेने तपासले, दारं दोनदा आपटली,
पाराची खूण बघून किंमत पाडली.
आत बसलं. किल्ली पिरगाळली.

सेल्फ छान फिरला.