तिकीट खिडकीखालचा खोका

सकाळच्या पहिल्या फेरीला
मी तिकिटं कमी फाडते, पुस्तकं जास्त देते.
पोरांना पास असतो.
खिडकीखाली सुरमईचा थर्माकोलचा खोका,
तीनदा धुतला, वास गेला नाही.
त्यात गोष्टींची पुस्तकं. वहीत एक्केचाळीस.
तळेकर बाई बदली होऊन गेल्या, तेव्हा ठेवून गेल्या.
म्हणाल्या, शाळेच्या कपाटाला कुलूप असतं,
किल्ली हेडमास्तरांच्या खिशात,
हेडमास्तर मीटिंगला.

मी दहावी नापास. गणित.
पण सगळी वाचलीत,
दोन फेऱ्यांच्या मधल्या रिकाम्या वेळात,
गाळावर बगळे उभे असतात तेव्हा.
सर्दी झालेल्या राजाचं तर चारदा.

मुनीरा मुकादम, तिसरी.
तिला भूत लागतं, पण झोप येईल इतपतच.
तिला काजूच्या वखारीतलं दिलं,
जे स्वतःच अंधाराला घाबरतं
आणि राखणदाराच्या कंदिलाशी येऊन बसतं.
दुसऱ्या दिवशी खिडकीत हनुवटी टेकून म्हणाली,
"मावशी, याच्याहून थोडं जास्त भूत द्या ना."
जास्त भुताचं माझ्याकडे एकच आहे.
ते पाचवीपासून.
ती दिवस मोजतेय.

यशोधन पालशेतकर जोडाक्षर दिसलं की पान उलटतो.
चित्रांचं देऊ केलं तर चिडला,
"ती बारक्यांची हायत."
म्हणून विहिरीत मुशी पाळणाऱ्या मुलीची गोष्ट दिली.
वाक्यं एवढी एवढीशी,
मुशी मात्र पानागणिक मोठी.
दाभोळ आलं तरी उतरेना,
खलाशानं बखोटीला धरून उतरवला.
संध्याकाळी परतला तो विहिरीच्या काळजीत.
"ती मावायची नाय आता."
जोडाक्षरांचं काय झालं, मी विचारलं नाही.

दत्तारामनं मात्र विचारलं,
गोष्टी वाचून काय मिळतं?
त्यापेक्षा सामान्य ज्ञानाचं द्या पोराला,
नाहीतर चांगले संस्कार होतील असं काही.
मी म्हटलं, ट्रॉलरवर रात्रभर जागा कसा राहतोस रे?
"गजाली मारत."
मग गप्प झाला.
मग राजाचं पुस्तक घेऊन गेला, पोरासाठी.
बारा दिवसांनी परत आणलं,
मुखपृष्ठावर खाऱ्या पाण्याची वर्तुळं,
आणि पोरगा तर सबंध बारा दिवस तापानं घरी झोपून होता.

मग बिनिता आली.
आंब्याच्या बागेवर राखणीला आलेल्या नेपाळ्याची मुलगी, दुसरी.
मागत नव्हती, नुसती उभी राहायची.
मला सुचेना.
डोंगराची गोष्ट होती एक,
पण डोंगर बघून तिला घर आठवलं तर?
तिनंच हात घातला खोक्यात
आणि ते खारं, फुगलेलं पुस्तक काढलं.
वाचता येत नव्हतं धड.
राजा शिंकतो ते पान आलं आणि मी वाचून दाखवलं, "आक्छी!"
तिनं मान हलवली.
"हाछ्यूँ," ती म्हणाली.
राजा चुकत होता इतके दिवस.

मे संपला, पेट्या गेल्या, बागा रिकाम्या झाल्या.
राजा तिच्यासोबत गेला.
वहीत अजून एक्केचाळीस आहेत,
खोक्यात चाळीस.
खोडायला पेन उचलते, तेवढ्यात भोंगा होतो.

आता कुणी राजाचं मागितलं
तर मी तोंडीच सांगते, सुट्टे पैसे मोजता मोजता,
आणि शिंका दोन्ही भाषांत देते.
मुनीरा म्हणते, मध्ये तुम्ही काहीतरी वाढवता.
वाढवते.

तुमच्या माळ्यावर असेल एखादं,
पानं सुटलेलं चालेल, बोध नसलेला तर फारच चांगला,
धोपाव्याच्या खिडकीत द्या आणून.
मुशीचं असलं तर आधी द्या.
यशोधन रोज विचारतो,
दुसरा भाग आला काय.